घनश्यामचं इंग्रजी

चांदा, ६ डिसेंबर १९५३

पुन्हा डोकं उठलं! रविवारी सकाळी टॉकीजमध्ये इंग्रजी खेळ असतो, म्हणून शफी आणि घनश्याम आम्हा नर्सांना हट्टानं नेतात. शफीचं सायकलीचं दुकान. त्याला सिनेमात फक्त घोडे दिसतात. घनश्याम जंगल खात्यात कारकून. मॅट्रिकला इंग्रजीत कसाबसा तरला, आणि उभा राहून अख्ख्या पब्लिकला मराठीत गोष्ट सांगतो! नायिका म्हणते, चालता हो. हा सांगतो, जेवून जा म्हणते. बायकांच्या बाकावर मी दातओठ खात बसते.

नंतर चहावर चर्चा. जुन्या सिनेमात कला होती म्हणे, नव्यात नुसता रंग. याला काय कळतं कप्पाळ!

९ डिसेंबर

वॉर्डातली आया गुणाबाई म्हणते, लढाईचा सिनेमा लागलाय ना, मलाही न्या. तिचा केवळराम ब्रह्मदेशच्या लढाईवर गेला. बेपत्ता म्हणून तार आली, त्यालाही दहा वर्षं होतील. पलटणीच्या गर्दीत कुठं दिसेल म्हणे. अमेरिकेत काढलेल्या सिनेमात गोंडपिपरीचा पोरगा! हसावं की रडावं.

१३ डिसेंबर

गेलो. फौज दिसली की गुणाबाई उठून उभी, मागच्या बायकांचा आरडाओरडा. मध्यंतरानंतर एका म्हातारीला तार येते. पडद्यावर ही एवढाली अक्षरं — मुलगा कामी आला! घनश्याम सांगतो, “पोराले सुट्टी भेटली. घरी येऊन राह्यला.” मग म्हातारी रडते कशाला, कुणीतरी विचारलं. खुशीनं म्हणे!

माझ्यानं राहवलं नाही. उठले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “खोटं आहे! मेला तो. तारेत तेच लिहिलंय.”

टॉकीजभर हशा. घनश्याम खाली बसला — प्रथमच! गुणाबाई मात्र तोंडाला पदर लावून निघून गेली. पुढचा सिनेमा तिनं पाहिलाच नाही.

बाहेर घनश्यामनं मला गाठलं. “मलेबी वाचता येते, सिस्टर. गुणाबाई तुमच्या बाजूले बसली होती, म्हनून तसं सांगितलं.”

मोठा आला शहाणा! इंग्रजी येत नाही ते झाकायला बरं निमित्त सापडलं. खोटं ते खोटंच.

१४ डिसेंबर

गुणाबाई कामावर नाही.

१५ डिसेंबर

आजही नाही. तिच्या शेजारी राहणारा शफी म्हणतो, चूलसुद्धा पेटवली नाही तिनं. माझ्याकडे असा बघत होता, जसा काही मीच पोरगा मारला.

१६ डिसेंबर

आली. खाटेवरची चादर बदलता बदलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “सिस्टरबाई, तार कधी चुकीची बी येते का जी?”

येते, म्हटलं. सिनेमातलीही चुकीचीच होती. शेवटी पोरगा घरी येतो, गुणाबाई. तुम्ही आधीच उठून गेलात.