त्या श्रावणात तुम्ही दारू सोडली होती

बाबा, रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जे सांगितलं, ते ऐकून आपल्या अख्ख्या आळीच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला. तुमच्या धाकट्याला मी इथे दाखल केलंय. तुमच्यासारखाच गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो आणि तुमच्यासारखाच पितो. डॉक्टर म्हणाले, रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात कापतात, भास होतात, आकडी येते, औषधावाचून जीवही जातो. भाजीचा भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात म्हणाले. मी मात्र मनाने पेणच्या त्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन पोहोचले.

मी शाळेत होते. आळीत सगळे श्रावण पाळायचे. एरवी वडखळ नाक्यावरून झिंगत येणारेसुद्धा महिनाभर साधुसंत होऊन फिरायचे. सूट फक्त तुम्हाला. ऐन सीझनमध्ये घोट घेतल्याशिवाय तुमच्या हाताची थरथर थांबत नसे, म्हणून मालक स्वतः पडद्यामागे तुमचा पेला भरून ठेवायचा. देवाचे डोळे नीट उतरायला हवेत ना! त्या वर्षी तुम्ही म्हणालात, "या टायमाला मी पण श्रावण पालनार. देवाच्या तोंडासमोर बसतो, वास नको." कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला. आपणहून म्हणालात.

दोन-तीन दिवसांत तुम्ही भिंतीला टेकून बसलाय, सदरा घामाने भिजलाय आणि मूर्तींवरच्या मुंग्या झटकताय. मुंगी एकही नाही. मग आकडी येते. मालक ओरडतो, "देव कोपलाय, भगताला बोलवा!" डॉक्टरचा दवाखाना नाक्यावर आहे, पण तिकडे कुणी जात नाही. तुम्ही शुद्धीवर येता तेव्हा मालक बाटली पुढे करतो आणि आई रडत रडत पेला तुमच्या ओठांना लावते. संध्याकाळी तुमच्या हाताची थरथर थांबते. तुम्ही ब्रश उचलता, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

माझा जीव जळतो तो इथे. दारू मिळाली आणि हात थांबला, एवढं बघून या शहाण्यांनी ठरवून टाकलं की याला दारूच मानवते. पुढची सगळी वर्षं सीझनमध्ये पाजायची आणि विसर्जन झालं की बेवडा म्हणून हिणवायचं! तुमच्या तेराव्याला जेवता जेवता मालक म्हणाला, "हात सोन्याचा, पण सोडायची धमक नव्हती." आणि पानावर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. धमक? आजारी माणसाला औषध न देता वर त्याचीच धमक मोजता?

यंदा धाकटाही म्हणाला, "श्रावणात सोडतो ना, घरीच." मी त्याला रिक्षात घातलं आणि तडक इथे आणलं. आता त्याच मालकाचा मुलगा रोज फोन करतो. "ताई, चार दिस सोडा त्याला. आखणी थांबलीय. मंग परत न्या." मी म्हटलं, तुझ्या गणपतीला डोळे नसले तरी चालतील, माझा भाऊ जगायला हवा. त्यानंतर आईच इथे आली. "जाऊ दे गो त्याला, लोकांच्या घरी देव बसायचाय," म्हणाली. मी नाही म्हटलं. धाकटा पलंगावर सगळं ऐकत होता. पेज पिताना वाटी अजून हलते त्याची.

तेवढ्यात डॉक्टर आले आणि त्यांनी विचारलं, वडिलांनी कधी सोडायचा प्रयत्न केला होता का? आई पटकन म्हणाली, "कधीच नाय."

"सोडली होती," मी म्हणाले. "आम्ही परत पाजली."

धाकट्याने मान वर करून आईकडे पाहिलं. ती पिशवी उचलून एसटीला गेली. पण त्याने त्या दिवशी विचारलं, "बाबांनी खरंच सोडलेली?" आणि मालकाच्या मुलाचा पुढचा फोन त्याने स्वतः कापला.

हे तुम्हाला कळायला हवं होतं, म्हणून लिहिलं. कुठे पाठवायचं नाही आणि आईला तर दाखवायचंच नाही. तिला तेव्हा काय ठाऊक असणार, हे मला कळतं. तरी त्या दिवसापासून मी तिला फोन केलेला नाही.