अकरा नंबरची जर्सी

ठाणे

प्रिय डेल्फिन,

फोनच करणार होते. पण फोनवर तू हसतेस आणि मी विरघळते, मग बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले आहे. खोपट डेपोत आमच्या गाडीचं टायर बदलायला घेतलंय, तोवर मला कुणी हाक मारणार नाही.

तू खेळणं थांबवतेस, हे ग्रुपवर वाचलं. सगळ्यांनी रडके चेहरे टाकले, मीही टाकला. खरं सांगू? आधी मला बरं वाटलं. सात वर्षं तू भारताकडून रग्बी खेळलीस आणि सात वर्षं माझ्या पोटात दुखलं. तू दोह्याला, तर मी पडघ्याला. तू ताश्कंदच्या बाजारातल्या खरबुजांचा फोटो पाठवलास, त्या दिवशी माझ्या शहापूर गाडीत एका बाईची कोंबडी सुटली होती. गळ्यात तिकिटाचं मशीन घेऊन मी सीटखाली घुसले. धरली मात्र पहिल्याच झेपेत. टॅकल करायला विसरलेले नाही मी.

आठवतं ना, महेंद्र सरांनी पहिल्यांदा तो लांबट चेंडू आणला तेव्हा तू विचारलंस, 'सर, हा असाच आहे की कुणी वर बसलं होतं?' वागळे इस्टेटमागचं ते मैदान म्हणजे निम्मी खडी. मी सेंटरला, तू विंगवर, अगदी कडेला. चेंडू पुढे फेकायचा नाही, द्यायचा तर आपल्या मागून येणारीलाच, हा या खेळाचा नियम. सर ओरडायचे, 'दर्शना, आधी समोरचीला अंगावर घे, मग सोड!' मी घ्यायचे. कुणीतरी धिप्पाड पोरगी येऊन आदळायची, मी पडता पडता चेंडू तुझ्याकडे सोडायचे, आणि तू मोकळ्या मैदानातून पळत जाऊन रेषेपलीकडे टेकवायचीस. झाला ट्राय, आणि झाला तुझा. त्यातला एकही मी डोळ्यांनी बघितलेला नाही. मी तेव्हा कुणाच्या तरी गुडघ्याखाली असायचे. टाळ्या ऐकू आल्या की समजायचं, पोचली बया.

आयत्या बिळावर नागोबा, असं मी मनात म्हणायचे तुला. निवड चाचणीतही तेच झालं. रेषा ओलांडणारी सगळ्यांना दिसली, मातीतली कुणाला दिसली नाही. मग तू भारताकडून पहिला सामना खेळलीस, देशाकडून खेळणारीला देतात ती गोंड्याची टोपी तुला मिळाली. डॉरिस आंटीने लेकीची ती टोपी शोकेसमध्ये मदर मेरीच्या शेजारी ठेवली आहे. मागच्या नाताळात कोलशेतला तुमच्याकडे आले होते, तेव्हा आंटी 'खाऊन जा गो' म्हणत आत गेली आणि मी टोपी काढून घालून बघितली. मला जास्त शोभते. राग आला तर येऊ दे.

पण माझा खरा संताप वेगळाच आहे. तुला एवढं मिळालं आणि कुणाला त्याचा पत्ता नाही! अख्ख्या ठाण्याने तुला डोक्यावर घेतलं असतं, तर मला चारचौघींत बसून जळता तरी आलं असतं. इथे चौदा वर्षांखालच्या क्रिकेटवाल्या पोरांचे बॅनर चौकाचौकात, आणि तुझ्या चर्चच्या सणात तुझं अभिनंदन झालं ते फुटबॉलसाठी. मी एकटीच डेपोत मोबाइलवर तुझे सामने बघायचे. एकदा आमचा ड्रायव्हर देवराम डोकावून म्हणाला, 'ती कडेला उभी आहे ती तुमची? तिला तर कोण बॉलच देत नाय.' त्याच्याशी मी मुरबाड येईपर्यंत भांडले. कारण मी बघितलं होतं. पलीकडच्या कडेने त्यांची पोरगी सुटली, आपल्या सगळ्या जणी थांबल्या, आणि तू एकटी आडवं मैदान कापत पळालीस. रेषेच्या जरा आधी तिला खाली पाडलंस. कॉमेंट्रीवाल्याने तुझं नावसुद्धा घेतलं नाही. पुढच्या मिनिटाला तू परत आपल्या कडेला, न येणाऱ्या चेंडूची वाट बघत. असं कितीदा तरी झालं. नागोबा म्हणायचं मी त्या दिवसापासून सोडलं. जळायचं मात्र नाही सोडलं, उलट जास्तच जळायला लागले. नुसती नशीबवान असतीस तर सोसलं असतं गं, तू तर चांगली निघालीस.

आता माझ्या आईचं सांगते. केशरबाई आयुष्यात एकदाच माझा सामना बघायला आली. कंपनीतलं पॅकिंगचं काम अर्ध्या दिवसात टाकून आली होती, शेजारणीला घेऊन. तू लागोपाठ ट्राय केलेस, मी लागोपाठ पडले. आई मध्येच उठून गेली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, 'माझी पोरगी मातीत आन् टाळ्या दुसरीला. हे बघायला खाडा केला मी?' तिला मी खूप समजावलं, की चेंडू मीच देते, डेल्फिनचा ट्राय म्हणजे निम्मा माझाच. तिने भाकरी थापायला घेतली. पुन्हा कधी आली नाही.

पुढच्या रविवारी तुझ्या निरोपाचा सामना, सगळ्या जुन्या पोरींचा. सरांनी टीम ग्रुपवर टाकली आहे: मी सेंटर, तू विंग, जसं असायचं तसंच. आणि या वेळी आई येते म्हणाली आहे, विहारातल्या बायकांनाही आणणार आहे. म्हणून हे पत्र. डेल्फिन, तुझी विंगची, अकरा नंबरची जर्सी मला दे. लोक तुलाच बघायला येणार, दिवस तुझा आहे, मला कळतं. तरी मागते. तू सेंटरला उभी राहा. सरांना तूच सांग, माझं ते ऐकणार नाहीत. समोरचीला अंगावर घे, मग सोड. मी तुझ्या मागूनच येत असेन. तू खाली पडलेली असशील, तुला काही दिसणार नाही. माझ्या आईचा आवाज मोठा आहे, तो ऐक.

तुझीच, अजूनही जळणारी,
दर्शना