लांडगिणीचं पाचवं बोट

दि. ९ मार्च

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. ते बारा वर्षांपूर्वीचेच आहेत, मी परत घेतले नव्हते. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, मी कुरकुरतो, घर चाललंय. ओळी वरखाली झाल्या असतील तर समजून घे, पेन खराब आहे.

आता सरळ विचारतो. माझ्या कामाच्या खोलीत तू येतेस का?

उडवाउडवी करू नकोस. संग्रहालयासाठी मी लांडगीण करतोय, खऱ्या मापाची. मातीचं काम होत आलंय. येत्या बुधवारी तिथले लोक बघून जातील, गुरुवारी साचा घेतील. एकदा साचा झाला की ब्राँझमध्ये उतरेल ते कायमचं. रोज काम संपलं की मी तिला ओलं फडकं गुंडाळून गाठ मारतो. गेला महिनाभर दर मंगळवारी संध्याकाळी बघावं तर गाठ उलटी मारलेली. आपल्या घरात डावखुरं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

मंगळवारी दुपारी मी बाहेर असतो. कुठे, ते सोड.

वहिनीला विचारलं. म्हणाली, "उंदीर असतील."

"उंदीर गाठ मारतात?"

"आपल्याकडचे मारत असतील. घरच्या माणसासारखेच हट्टी झालेत." आणि कप विसळायला गेली. दुपारभर घरात ती एकटी होती आणि विसळायला कप दोन होते. तेव्हाच म्हटलं, इथे पाणी मुरतंय.

म्हणून सापळा लावला. लांडग्याच्या मागच्या पायाला चारच बोटं असतात, हे आपण दोघं लहानपणी पिंजऱ्यासमोरच्या कठड्याला लटकून मोजायला शिकलो. मागच्या मंगळवारी मी मुद्दाम पाचवं बोट लावलं आणि बाहेर पडलो. म्हटलं, आता सापडतेस.

परत आलो तर पाचवं बोट गायब! मी विजयी मुद्रेने वहिनीला हाक मारणार होतो. त्याआधी सवयीने लांडगिणीच्या अंगावरून हात फिरवला. शेपूट मी कुत्र्यासारखी वर उचलली होती, ती खाली आली होती. कोपरं बाहेर फाकलेली होती, ती छातीशी आली होती. उजवा डोळा जवभर वर गेला होता, तो डाव्याच्या ओळीत बसला होता.

चूक मी एकच केली होती, चिमणे. दुरुस्त चार झाल्या होत्या.

चाळीस वर्षं लांडगे-बिबटे घडवले आणि आता शेजाऱ्याचा कुत्रा करत होतो, आणि मला ते कळत नव्हतं. पेन चांगलं आहे. मंगळवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. बघावं तिथे मधोमध धूसर डाग येतो, फक्त कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणतो, वाढत जाणार. वहिनीला मी "फिरायला जातो" असं सांगतो. तिला सगळं ठाऊक असावं आणि तुला तिनेच सांगितलं असावं. माझ्याच घरात माझ्याविरुद्ध कट! आधी राग आला. मग भीती वाटली, की एखाद्या मंगळवारी तू आली नाहीस तर?

परवा ग्रंथालयात गेलो होतो. आपण दोघांनी केलेला ब्राँझचा बिबट्या अजून दारातच आहे. अंग माझं, तोंड तुझं, आणि खाली नाव माझं एकट्याचं. "दोन नावं घातली तर लोक गोंधळतात," असं मी म्हणालो होतो. तू हातसुद्धा न धुता निघून गेलीस. दाराच्या कडीवर तुझ्या हातची माती कितीतरी दिवस होती. तिथे येणारा-जाणारा त्या बिबट्याच्या नाकावरून हात फिरवतो. नाक नुसतं झळकतंय. माझ्या पाठीला कुणी बोट लावत नाही. लोक मुळीच गोंधळलेले नाहीत.

तीही चूक मी मुद्दामच केली होती. तिची लाज वाटते.

तरी एक शंका राहतेच. तू येतेस ती कशासाठी? दया म्हणून? दया असेल तर नको. आणि डावा कान तू जास्त पाडलायस, लांडगीण रुसल्यासारखी दिसते. मी त्याला हात लावलेला नाही. समोरासमोर भांडू.

बारा वर्षांत खोलीचं कुलूप बदललं नाही, तुझ्याकडची किल्ली अजून चालते, त्यावरून भलते अर्थ काढू नकोस. चांगलं कुलूप आहे.

या मंगळवारी मी घरीच आहे. मुलांना पापा.

तुझा, अजून पुरता विश्वास न बसलेला,
दादा

ता. क. मागच्या उजव्या पायाला पाचवं बोट मी परत लावून ठेवलंय. मी ते काढणार नाही. तू आली नाहीस तर गुरुवारी तसाच साचा होईल. आणि संग्रहालयाने पाटीसाठी नाव विचारलं होतं, मी दोन कळवली आहेत. तुझं आधी.