घेतो नं जी

बाबा, तुम्ही दारू पीत नव्हता हे मला नेहमीच माहीत होतं. पण लोक तसं का म्हणायला लागले, ते मात्र गेल्या आठवड्यात कळलं. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी, आणि तेही कामावर, एका अनोळखी म्हाताऱ्याच्या तोंडून. कळलं तेव्हा आधी मला हसूच फुटलं. मग उठून बाहेरच्या नळावर गेले आणि तोंड धुण्याच्या निमित्ताने रडून घेतलं. आज ते आईला सांगितलं. त्यानंतर जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी काय काम करते ते तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. लिव्हरच्या आजारांवर संशोधन चालतं अशा एका ठिकाणी मी आहे. डॉक्टर झाले नाही हो, तुमची ती हौस राहूनच गेली. नव्या औषधाची चाचणी असते, तिच्यात यायला जे तयार असतात त्यांना समोर बसवून मी सगळं त्यांच्या भाषेत समजावते. औषध अजून तपासणीतच आहे, काहींना खरी गोळी मिळेल, काहींना तशीच दिसणारी साधी, आणि कोणाला कुठली मिळाली हे डॉक्टरांनाही कळणार नाही, मलाही नाही. "म्हंजे लॉटरीच हाय का मॅडम?" एका बाईने विचारलं होतं. म्हटलं, तसंच समजा मावशी, फक्त मधेच उठून घरी जायची मोकळीक आहे. येणारे बहुतेक तुमच्यासारखेच असतात. शुगर असलेले, पोट सुटलेले, दारूच्या थेंबालाही न शिवलेले. लिव्हरवर चरबी साठते आणि काहींचं लिव्हर हळूहळू कडक होत जातं, तुमचं झालं तसं. पूर्वी या आजाराच्या नावातच "दारूमुळे न झालेला" असं होतं, म्हणजे न पिणाऱ्या माणसाची ओळखसुद्धा दारूवरूनच! आता जगभरच्या डॉक्टरांनी मिळून ते नाव बदललं, दारूचा शब्दच काढून टाकला. ते ऐकलं त्या दिवशी मी सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली. कोणाचा वाढदिवस आहे, असं विचारत होते सगळे.

तो वॉर्ड आठवतो ना? मी दहावीत आहे, तुमच्या खाटेच्या पायथ्याशी डबा मांडीवर घेऊन बसले आहे. तुमचे डोळे पिवळे, पोट फुगलेलं, पाय सुजलेले. राउंडला एक तरुण डॉक्टर येतो. चांगल्या घरचा असावा, "दारू" हा शब्द वडीलधाऱ्या माणसासमोर काढायला त्याला संकोच वाटतो. तो जरा वाकून हळूच विचारतो, "काका, घेता का?" तुम्ही लगेच सावरून बसता, चादर सारखी करता, दाराकडे एकदा बघता आणि म्हणता, "घेतो नं जी."

"किती?"

"दिवसाचे तीन-चार. कंपनीत असलो का जास्ती होते."

"कधीपासून?"

"लहानपनापासूनच जी. आमच्या घरी सारेच घेते. मागावर बसलं का लागतेच. आन पाहुना आला तं त्याच्यासंग घ्याच लागते, नाई म्हनता येत नाई."

डॉक्टरचा चेहरा पडला. तो म्हणाला, आता बंद करा, एक थेंबही चालणार नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "थेंबबी नाई?" तुम्ही विचारलंत. मी तिथेच होते बाबा, मी शब्द न् शब्द ऐकला, आणि मलाही ते चहाबद्दलच वाटलं. आपल्या घरात "घेता का" म्हणजे चहाच. आजोबांच्या हातमागाच्या खड्ड्यापाशी चहा यायचा तेव्हा तेच विचारायचे, कळमेश्वरच्या कंपनीत तुमचे सोबतीही तेच विचारायचे. दुसरं काही घेतात हे घरात कोणी पाहिलंच नव्हतं, तर त्या शब्दाला दुसरा अर्थ येणार कुठून!

घरी आल्यावर तुम्ही आईला सांगितलंत, डॉक्टरनं चहा बंद केला. आईने चहाचा डबा वरच्या फळीवर टाकला, आपल्या सगळ्यांचाच चहा बंद. नंदनवन वस्तीतल्या त्या घरात शेजाऱ्यांकडून चहाचा वास आला की "अर्धा कप दे नं वं," असं तुम्ही आईला म्हणताना मी किती वेळा ऐकलं, आणि "डॉक्टरनं सांगतलं नं जी, कायले जीव खाता?" हेही. मी शाळेतून आले की तुमच्या हातात तोच नेहमीचा, कान तुटलेला चहाचा कप असायचा, त्यात नुसतं गरम पाणी. तिकडे मोठ्या काकाला त्याच डॉक्टरने वॉर्डाबाहेर गाठून विचारलं होतं, एवढे दिवस पीत होते तर तुम्ही कोणी अडवलं कसं नाही? तुमच्या तेरवीच्या पंगतीत तेच फिरलं. पेताड होता, लपूनछपून पेत असन, म्हणे. आई वाढत होती, तिने ते ऐकलं, भाताचं पातेलं तिथेच ठेवलं आणि आत गेली. काकाच्या घरच्या कुठल्याही लग्नाला ती त्यानंतर गेली नाही.

आता गेल्या आठवड्याचं. उमरेडकडचे एक आजोबा आले होते, त्यांचंही घराणं आपल्यासारखंच विणकरांचं. आमच्याकडे नवीन आलेली डॉक्टर पोरगी हुशार आहे, गोड आहे, पण तिलाही तोच संकोच. "आजोबा, घेता का?" तिने विचारलं. आजोबांनी सदरा खाली ओढला, दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "घेतो नं जी." बाबा, ते चहा आला का म्हणून दाराकडे बघणं! माझ्या हातातला पेन खाली पडला. मी म्हटलं, डॉक्टर, थांबा, ते चहाचं म्हणत आहेत. आजोबा म्हणाले, "मंग दुसरं काय? पन बिनसाखरेचा सांगजा, मले शुगर हाय." खोलीत सगळे हसले, मीही हसले. त्या पोरीला मग बाजूला घेऊन सांगितलं, बाई गं, लाजू नकोस, सरळ "दारू पिता का" असं विचार. इथे लाजलीस की माणसाचं नाव जातं.

त्यानंतरचे दिवस मी नुसती कुढत होते. आमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा नीट कळलं असतं तर बाबा वाचले असते का? ते म्हणाले, तेव्हा हाती फारसं काही नव्हतंच, शुगरकडे जरा नीट लक्ष गेलं असतं इतकंच. चहाचं विचारलं. तर म्हणाले, कॉफी लिव्हरला बरी असं पुष्कळ अभ्यासांत दिसतंय, चहाचं तेवढं पक्कं नाही, पण बिनसाखरेच्या अर्ध्या कपाने काय झालं असतं? मागत होते तर द्यायचा. ते सहज बोलून गेले. मी मात्र घरी मनीषनगरला येईपर्यंत तेच घोकत होते. आईला हे सांगायचं कसं? तुमचं नाव धुऊन निघेल हे खरं, पण त्याच दमात तिला सांगावं लागणार की मरणाऱ्या माणसाला तू चहा नाही म्हटलंस, आणि ते उगाच. या वयात तिच्या पदरात हे कशाला टाकायचं? आणि न सांगावं तर "पेताड" हा शब्द कानात घेऊनच ती जाणार. माझा जीव खरंच दोन्हीकडून ओढला जात होता.

आज ती वालाच्या शेंगा निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं, त्या डॉक्टरचं, या आजोबांचं, सगळं. ऐकताना तिचा हात थांबला नाही. तुम्ही पीत नव्हता ते सिद्ध झालं, यावर नुसतं म्हणाली, "ते तं मले माहीतच होतं. लोकायच्या तोंडाले का झाकन लावता येते?" मी धीर करून पुढे म्हटलं, "आई, त्या डॉक्टरनं चहा बंद केलाच नव्हता." तेव्हा मात्र शेंग तिच्या हातातच राहिली.

"म्हंजे चहानं नाई गेले ते?"

"नाई वं आई. चहानं कोनी जाते का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून इतकी रडली बाबा, की तुम्ही गेलात तेव्हाही मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं, मी नको ते केलं. तर ती म्हणते, "मी देत होती नं वं त्याईले. तू शाळेत गेली का रोज अर्धा कप. चहा मांगे तं मले पाहावत नव्हतं. तुले सांगतलं असतं तं तू डॉक्टरले जाऊन सांगतलं असतं. कपाले वास राहीन म्हनून वरून गरम पानी टाकून देत होती. आन मंग ते गेले. मले वाटे, मीच मारलं."

इतकी वर्षं! मी तिला काहीबाही समजावत राहिले आणि ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली, पक्कं नं, तुह्या मोठ्या डॉक्टरनं सांगतलं नं? मग चिडली. "तू एवढे वर्ष लिव्हरच्याच कामात हाय, तं मले पहिले काहून नाई सांगतलं?" आता तिला काय सांगू, की तिने मला कधी विचारलंच नाही. थोड्या वेळाने डोळे पुसून स्वतःच म्हणाली, "घेतल्यावर डोये मिटून बसत होते जरासे." एवढं बोलून ती उठली आणि चहा ठेवला. आलं घालून, चांगला उकळलेला, गोड. लोकांना दिवसभर साखर सोडा म्हणून सांगणारी मी तो मुकाट्याने प्यायले. तुम्ही दोघांनी मिळून मला गरम पाण्यावर फसवलंत, याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. तुम्हाला तो अर्धा कप रोज मिळत होता, हे कळून मला फार बरं वाटलं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. लिव्हरवरची चरबी मोजायचं आमच्याकडे मशीन आहे, नवीन मुलीला ते शिकवायला परवा मीच टेबलावर झोपले होते. निघाली, थोडी आहे. आईला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती माझा चहा बंद करेल.