सोळा कोपरे

मी, सिद्धलिंगप्पा शिवपुत्र बिराजदार, वय ७३, धंदा पुस्तकबांधणी, राहणार बाळीवेस, सोलापूर, माझ्यामागे कोणाला कोर्टाची पायरी चढावी लागू नये म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही, नशापाणी नाही. डॉ. देवदत्त पुजारी यांनी तपासून मन ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत टाचला आहे. मन ठिकाणावर आहे हे खरं. गेली दोन वर्षं ते तिथून हललेलंही नाही.

१. माझी पत्नी काशम्मा पूर्वीच वारली. एकुलता एक मुलगा संगमेश दोन वर्षांपूर्वी हैदराबादेत डेंग्यूने वारला. मागे सून भुवनेश्वरी आणि नात श्रावणी, वय नऊ. दोघी हैदराबादेत असतात. वारस एवढेच.

२. बाळीवेशीतलं दोन खोल्यांचं घर भुवनेश्वरीला. ती विको नाहीतर भाड्याने देवो, तिची मर्जी. सासऱ्याची आठवण म्हणून ते तिच्या गळ्यात कोणी बांधू नये. बँकेत जे निघेल ते श्रावणीच्या शिक्षणाला.

३. कटिंग मशीन, पुस्तकं दाबायचे दोन्ही शिकंजे, दाभणं आणि घड्या पाडायची हाडाची पट्टी मंद्रूपचा पुतण्या श्रीशैल याला. संगमेशने चित्रकलेच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा "कार्टुनं काढून प्वाट भरनार व्हय ह्यो" असं श्रीशैल भरल्या पंगतीत म्हणाला आणि सगळे हसले. त्या बोलण्यावरून मी श्रीशैलशी सहा वर्षं अबोला धरला. हसणाऱ्यांत मीही होतो, हे कोणी काढलं नाही आणि मीही काढू दिलं नाही. आता माझ्याकडून ते मनातूनही मिटलं. खळीत मोरचूद घालायला त्याने विसरू नये. तो विसरतो आणि मग पुस्तकांना कसर लागते.

४. आता अंकाबद्दल.

टीव्हीवर 'नीलकवच' नावाची कार्टून मालिका लागायची. निळं चिलखत घातलेला एक वीर, कोणी संकटात सापडलं की उडत जाणारा. संगमेश त्या कंपनीत चित्रं काढायचा. मालिका पोरांना आवडली म्हणून कंपनीने तिचं कॉमिक काढलं. पहिल्या अंकातली सगळी चित्रं संगमेशची, आतल्या पानावर त्याचं नाव छापलेलं आहे. तो अंक त्याने मला कुरिअरने पाठवला.

मला आनंद झाला. हे त्याला सांगायचं राहिलं म्हणून इथे नोंदवतो. तोंडाने कौतुक करणं मला कधी जमलं नाही, म्हणून मी अंक बांधायला घेतला. पिना काढल्या, दोऱ्याने शिवला. लाल कापडी पुठ्ठा आणि त्यावर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव, असं ठरवलं होतं. कुरिअरमध्ये कडा दुमडल्या होत्या. तीन बाजू कापून सरळ केल्याशिवाय आम्ही पुस्तक बांधलं असं म्हणत नाही. मी पाऊण बोट कड कापली. कापताना नजर पट्टीवर ठेवायची असते. पानातली चित्रं बघत बसलं तर बोट जातं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "अप्पा, कोपरं बघितलं का? पानं अंगठ्यानं भरभर सोडून बघा की."

सोळाही पानांच्या खालच्या कोपऱ्यात त्याने पेनाने एकेक बारीक चित्र काढलं होतं. पानं सोडत गेलं की चित्र हलायचं, मालिकेत हलतं तसं. फक्त माझ्याच प्रतीत. ते सगळं कातरणात गेलं होतं आणि कातरणाचं पोतं दुपारीच रद्दीवाल्याने नेलं होतं.

मी म्हणालो, "बघितलं. लई चांगलं हाय."

तो हसला. "कोन हाय ते वळखू येतंय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

कोण होतं ते मला माहीत नाही. भुवनेश्वरीला आडून विचारून पाहिलं. आधी अप्पांनी बघायचं म्हणून त्याने तिलाही दाखवलं नव्हतं. दिवाळीला तो आला की समोर बसवून खरं सांगायचं, असं मी ठरवलं. दिवाळीआधीच त्याची माती झाली. मला रडू आलं नाही. तिसऱ्या दिवशी एका शाळेची हजेरीपत्रकं बांधायची राहिली होती, ती बांधून दिली. रडू अजूनही आलेलं नाही. लोक याला धीर म्हणतात. मला तो धीर वाटत नाही, काहीच वाटत नाही.

५. अज्जांच्या, म्हणजे माझ्या, अंकात बाबांनी काढलेलं हलतं चित्र आहे, एवढं श्रावणीला तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं. दर सुट्टीत ती अंक मागायची. "मोठी झालीस की," असं मी म्हणायचो. कोपऱ्यांना कागद जोडून एखाद्या पेंटरकडून काहीतरी काढून घ्यावं, असंही एकदा मनात आलं. ते केलं नाही.

मसुद्यात या कलमाखाली मी लिहिलं होतं की अंक माझ्या पश्चात श्रावणीला द्यावा आणि वरचा मजकूर तेव्हा तिला वाचून दाखवावा. माझे मित्र गुरप्पा हत्तुरे, शाळेतले निवृत्त कारकून, मसुदा साफ लिहून काढत होते. इथे येऊन त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मेल्यावर सांगनार व्हय? मग लेकरानं भांडायचं कुनाशी, तुज्या फोटूशी?"

ते चहा न घेता घरी गेले. सबब मसुद्यातला तो मजकूर रद्द समजावा.

६. काल रविवारी मी दोघींना बोलावून घेतलं आणि श्रावणीला समोर बसवून चौथं कलम वाचून दाखवलं. वाचताना माझा आवाज हलला नाही. तिने अंक मांडीवर घेतला, अंगठ्याने पानं सोडली. पुन्हा सोडली.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"त्यांना वाटलं तुम्ही बघितलं?"

"हो."

तिने अंक खाली ठेवला आणि आईच्या कुशीत तोंड घालून रडली. बराच वेळ रडली. मी तिथेच बसून होतो. गाडीला निघताना भुवनेश्वरी म्हणाली, "अज्जांच्या पाया पड." ती पडली नाही, चप्पल घालून रिक्षात जाऊन बसली. अंक इथेच राहिला.

तो तिचाच आहे. ती मागेल तेव्हा द्यावा. मागितला नाही तर कोणी तिच्यापुढे नेऊन ठेवू नये.

७. माझी माती आमच्या रीतीप्रमाणे करावी, खर्च बेताचा. श्रावणीला बळेच आणू नये. झालं गेलं विसर, अज्जांना माफ कर, असं तिला कोणीही सांगू नये, भुवनेश्वरीनेही नाही. ती रागावली आहे आणि तो राग रास्त आहे. आपण होऊन आली तर थोरामोठ्यांनी बाजूला व्हावं आणि मातीची पहिली मूठ तिला टाकू द्यावी.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो बरोबर आहे. खालच्या दोघांच्या समक्ष सही करतो.

लिहून ठेवणार: सिद्धलिंगप्पा शिवपुत्र बिराजदार (सही)

साक्षीदार:
गुरप्पा महेश्वर हत्तुरे (सही)
डॉ. देवदत्त नारायण पुजारी (सही)

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार