कुंपणापलीकडचा पराग

मी, व्हर्ना हॉफस्टेटर, वय वर्षे एक्क्याऐंशी, गुडघे सोडता धडधाकट आणि पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केले होते.

१. घर माझी मुलगी जोलीन हिला. तिने खुशाल विकावे. परसातली नासपतीची बाग मात्र त्यात धरू नये.

२. वडिलांच्या हातचे बार्टलेट जातीचे नासपतीचे झाड माझ्या धाकट्या भावाने, वेंडेलने, घालवले. जोमाने वाढावे म्हणून त्याने भरमसाट शेणखत ओतले. कोवळे धुमारे फुटले आणि करपा रोग त्यांच्यातूनच खोडात उतरला.
"झाडाला पोटभर जेवू घातलं, हा काय गुन्हा झाला का गं?"
"घातलंस ना? आता पुरायलाही तूच ये!"
त्यानंतर त्याच्या आणि माझ्या परसांच्या मध्ये मी कुंपण घातले आणि बोलणे टाकले. फळ हलकेच आडवे उचलायचे, देठ आपण होऊन सुटला तरच तोडायचे, हे बाबांनी आम्हा दोघांना त्याच झाडाखाली शिकवले होते. ते झाड मला अजून स्वप्नात दिसते.

३. मग मी करप्याला दाद न देणारे मॅग्नेस जातीचे नासपती लावले. रोग शिवला नाही, पण फळही धरेना. त्याचा स्वतःचा पराग कुचकामी. शेजारी दुसऱ्या जातीचे झाड लागते, आणि माझी जोडीची रोपे हरणांनी फस्त केली होती. एका वसंतानंतर मात्र झाड फळांनी वाकले. कुंपणाला अगदी खेटून वेंडेलने त्याच्या बाजूला मूनग्लो, म्हणजे दुसऱ्या जातीचे नासपती, लावले होते. तो बोलला नाही, मीही विचारले नाही. दर शरदात तळघरात पिकवलेल्या फळांची टोपली मी कुंपणावर ठेवायची. ती धुऊन परत यायची.

४. सबब बाग, बाबांचा फांद्या छाटायचा सिकेटर आणि तळघरातल्या फळे पिकवायच्या फळ्या वेंडेलला. शेणखत बंद.

५. हे कलम आज ऐनवेळी घातले. साक्षीदार कमी पडला म्हणून जोलीनने शेजारून वेंडेललाच बोलावले. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळतंय, त्याला साक्षीदार होता येत नाही."
"मला? हिच्याकडून?"
मला तोंड उघडून सांगावेच लागले. तो टोपीशी चाळा करू लागला. मग म्हणाला, "थोडंसं तरी शेणखत घालू ना गं?"
"हात तोडीन!"
आम्ही दोघेही हसलो, आणि मग मला रडू आले. कुंपण काढायला माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. ते येत्या शनिवारी निघेल.

साक्षीदार : प्रूडन्स टीगार्डन, वकील
ड्वेन स्टुडबेकर, पोस्टमन (वाटेत थांबवून आणलेले)

सही : व्हर्ना हॉफस्टेटर
कार्व्हर क्रीक, ओहायो
३ ऑक्टोबर २०१९