जेनिटिव्ह एका रविवारात

५ जानेवारी, रविवार
निर्णय पक्का. हर्षदाला जर्मनीत नर्सची नोकरी मिळतेय. तिला जर्मन भाषेची बी-वन परीक्षा लागते. तिचा नवरा म्हणून सोबत जायला मला नुसती ए-वन, सगळ्यांत सोपी. ती चालता-चालता देईन. हर्षदा जेनिटिव्हपाशी अडलीय. म्हणजे आपली षष्ठी, चा-ची-चे. मीच शिकून तिला शिकवणार. एक रविवार पुरे.

१२ जानेवारी
दुसरा रविवार. नामाआधीच्या पुल्लिंगी उपपदाचा, 'डेर'चा, षष्ठीत 'डेस' होतो. ठीक. पण स्त्रीलिंगी 'डी'चा होतो 'डेर'! बाईच्या अंगात पुरुषाचा शर्ट? छपाईची चूक. क्लासच्या तारा मॅडमना फोन करून कळवली. चूक नाही म्हणाल्या. बाईंचा अभ्यास कच्चा.

२ फेब्रुवारी
घरभर चिठ्ठ्या. कपाटावर 'डेर श्रांक डेर मुटर', आईचे कपाट. दोन्ही 'डेर' वेगळे! आई म्हणाली, "भाऊ, मना कपाटले हाई काय लाई दिधं?" तिला समजावताना मीच हरवलो.

१८ फेब्रुवारी
इथे सुरतेत, पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये डेस-डेर घोकत रंग कालवला. मरूनचा जांभळा झाला. अख्खा लॉट. शेठ गुजरातीत जे बोलले ते इथे लिहीत नाही. दोष जर्मनांचा.

९ मार्च
हर्षदा म्हणाली, "अहो, मला आलं जेनिटिव्ह. तुम्ही तुमचं ए-वन बघा ना, पाया पडते." मी अजून अडकलोय, तर हिला कसे येईल? बिचारीचा गैरसमज.

१७ एप्रिल
परीक्षा. तोंडीला परीक्षक बाईंनी नावाचे स्पेलिंग विचारले. जर्मन एबीसीडी पाठच केली नव्हती. 'या माणसाचे नाव गजेंद्र आहे' असे अचूक जेनिटिव्हमध्ये सांगितले. त्यांनी पुन्हा स्पेलिंग विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. नंतर स्वतःचा फोन नंबरही आठवेना. अख्ख्या पेपरात जेनिटिव्ह एकदाही नव्हता.

२ मे
निकाल. शंभरात अडतीस. साठ लागतात. तपासणीत घोळ असणार. हर्षदा बी-वन पास. आई पेढे आणायला निघाली होती. माझे तोंड बघून चपला काढून परत बसली.

६ ऑगस्ट
हर्षदा गेली. एअरपोर्टवर म्हणाली, "तीन महिन्यांत पास होऊन याल ना?" मी म्हणालो, दोनच. परतताना सुरतेपर्यंत ड्रायव्हर गप्पा मारत होता. मी मनात डेस-डेर घोकत होतो.

१७ ऑगस्ट, संध्याकाळ
हर्षदाचा व्हिडिओ कॉल. म्हणाली, "इथे वॉर्डात जेनिटिव्ह कुणी बोलतच नाही हो." दोघेही हसलो. मग तिने विचारले, "जेवलात?"
हो म्हणालो.
जेवलो नव्हतो.